६१७४ : चमत्कार नव्हे, वजाबाकी

आमच्या नांदेड-लातूरकडे अकरावीच्या वर्गात फळ्यावर ६१७४ लिहिले, की चार-पाच जण तरी लगेच म्हणतात, ‘कापरेकर स्थिरांक!’ स्पर्धा परीक्षेच्या एका गुणाला तेवढे उत्तर पुरते. ‘पण ६१७४च का?’ असे विचारले, की वर्ग गप्प होतो. एखादा म्हणतो, ‘सर, तो चमत्कारच आहे.’ माझी तक्रार या उत्तराविषयी आहे.

ज्यांना कृती ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती सांगतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच कृती करा. मराठवाडा मुक्त झाला ते १९४८ साल घेऊ. ९८४१ − १४८९ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४; संख्या तेथून हलत नाही. फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथे पोचते. मात्र उत्तरात पुढे शून्य आले तर ते टाकू नये. १११२ घेतल्यास ०९९९ येते. ते ९९९ असे लिहिले, तर पुढची वजाबाकी शून्य येईल आणि ‘नियम मोडला’ अशी तक्रार येईल!

आता कारण पाहू. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. म्हणजे उत्तर ठरते ते केवळ दोन फरकांवरून. पहिला फरक १ ते ९ पैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असूच शकत नाही. मग शक्यता किती? २ + ३ + … + १० = ५४. शून्याने सुरू होणाऱ्याही धरल्या तर ९९९० संख्या होतात. ती सारी गर्दी पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत मावते! या ५४ संख्या एका रविवारी वहीत तपासता येतात. स्वतःलाच परत देणारी त्यांत एकच सापडते. तिचे फरक ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४.

हाताने तपासणे कमी प्रतीचे, असे काही गणितशिक्षक मानतात. मी पडलो भौतिकशास्त्राचा माणूस. मला ते पटत नाही. ९९९० चे ५४ करणे हाच तर विचार आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा हा गुण मांडला. कित्येक गणितज्ञांना त्यांचे काम म्हणजे नुसती करमणूक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. करमणूक म्हणून त्यांना बाजूला सारणारे आणि चमत्कार म्हणून हात जोडणारे, दोघेही वजाबाकी न करताच उठतात. शाळामास्तराने खडू-फळ्यावर केलेले काम पाठांतराच्या यादीत जावे, याचे मला वाईट वाटते.

दोन अंकी संख्यांवर हीच कृती करून पाहा : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. मुक्काम कोठेच नाही. तीन अंकी संख्या मात्र ४९५ वर थांबतात. तेथे एकच फरक लागतो, तोही ९९ ने गुणायचा. शक्यता नऊच आहेत. नववीच्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासात सिद्धता जमावी.