भागीचं घोडं आणि जोडनावाचं घर

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही आपल्याकडची जुनी म्हण. मालक अनेक, पण जखमेला औषध कोणी लावायचं, या वादात घोडं गेलं. आमच्या रायगडात ही म्हण समजावून सांगायला घोडं शोधावं लागत नाही. रोह्याच्या आसपासच्या गावातलं एखादं कुलूपबंद कौलारू घर दाखवलं की पुरे. चार भावांचं सामायिक घर. एक डोंबिवलीला, एक पुण्याला, एक सुरतेला आणि एक गावात. पावसाळ्याआधी शाकारणी करायची तर पैसे कोणी काढायचे? गावातला म्हणतो, मी एकट्यानेच का? बाहेरचे म्हणतात, राहतो कोण तिथे? गणपतीला सगळे जमतात, आरती दणक्यात होते आणि वळचणीचा वासा मात्र दरवर्षी थोडा जास्त कुजतो.

हे डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे ‘घर दोघांत मिळून घ्यावं का?’ असं कोणी विचारलं, की घरातल्या मोठ्या बायका पटकन ‘नको गं बाई’ म्हणतात. पण हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. त्याची चाहूल पेणमधल्या जागांच्या भावाला कधीच लागली होती. रोह्यात धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्याला एकट्याच्या पगारावर बँक पुरेसं कर्ज देत नाही. मग नवरा-बायको, मायलेकी, दोघी बहिणी, भाऊ-बहीण असं कोणीतरी म्हणतं, ‘मिळून घेऊ या का?’

माझं मत आधीच सांगते. मिळून घर घेणं ही चांगली वाट आहे, अनेकींसाठी तर तीच एकमेव वाट आहे. वारशाने गळ्यात पडलेली भागी वेगळी आणि ठरवून केलेली भागी वेगळी. पहिलीत तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. दुसरीत तुम्ही आधी बोलू शकता, लिहून घेऊ शकता, आणि न पटल्यास नाही म्हणू शकता. इंग्लंडमध्ये घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्या हिश्शाचं भाडं गृहसंस्थेला भरायचं, अशी योजना आहे. तिथे भागीदार एक संस्था असते. आपल्याकडे भागीदार म्हणजे आपलंच माणूस. म्हणून तर लिहून घ्यायला जीभ अडखळते.

सगळ्यात आधी नावाचं बघू या. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत किती बायकांचे हात राबतात, हे हमरापूर-जोह्याकडे एकदा फिरलात तरी कळेल. माझ्या ओळखीच्या एक बाई वर्षानुवर्षं मूर्ती रंगवतात. त्यांच्या कमाईतून घराचा अर्धा हप्ता जातो. कर्जाच्या कागदावर त्यांची सही आहे. पण घराच्या करारनाम्यावर? तिथे फक्त मालकांचं नाव! मी विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, बँकेने सही घेतली तेव्हा मला वाटलं घरच नावावर झालं.’

मैत्रिणींनो, हा गैरसमज फार घरांत आहे. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. कर्ज थकलं तर बँक पूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येऊ शकते, निम्म्यासाठी नाही. आणि घर विकलं गेलं तर तुम्हाला कोणी विचारायलाही बांधील नाही. फेडायची जबाबदारी सगळी, हक्क काही नाही, असा हा सौदा. तेव्हा जिथे कर्जावर सही, तिथे करारनाम्यावर नाव, हा नियम पदराच्या गाठीला बांधून ठेवा. नोंदणीनंतर मिळणारा ‘इंडेक्स टू’ स्वतः वाचा. तिथे नाव नसेल तर वीजबिलावर नाव असून काय उपयोग?

‘पण नवऱ्याचं ते माझंच ना?’ असं म्हणणाऱ्या खूप जणी आहेत. प्रेमापुरतं ते खरं, हिशेबापुरतं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला घरात राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. मोठा आधार आहे तो. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. एक साधा हिशेब मांडते. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही, आणि तो गेला. मागे बायको, दोन मुलं आणि त्याची आई. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखे वाटे. म्हणजे जिने आयुष्यभर ते घर सांभाळलं, तिचा त्यात चौथा हिस्सा. तेच घर दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं असतं, तर तिचं अर्धं तिचंच राहिलं असतं आणि त्याच्या अर्ध्यातला चौथा हिस्सा तिला मिळाला असता. म्हणजे आठ आण्यांवर आणखी दोन आणे. एका नावाने चार आण्यांचे दहा आणे होतात!

आपल्या महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. 2003 मध्ये राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा निर्णय काढला. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर असावं, यावर भर आहे. तुमच्या नमुना आठच्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे, हे एकदा ग्रामपंचायतीत जाऊन बघून या.

आता एक टक्क्याची गोष्ट. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चाळीस लाखांच्या फ्लॅटला चाळीस हजार रुपये वाचतात. सुरुवातीला असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. ती 2023 मध्ये काढून टाकली. पण नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत गेली. म्हणून काही घरांत आता उलटंच ऐकू येतं, ‘तुझ्याच नावावर घेऊ, तेवढेच पैसे वाचतील.’ अशी संधी आली तर जरूर घ्या, पण नुसतं नाव देऊन मोकळ्या होऊ नका. कागद तुमच्या कपाटात राहू देत, हप्त्याचा हिशेब तुम्हाला ठाऊक असू दे. आणि एक गंमत लक्षात घ्या. दोन्ही खरेदीदार बायका असतील तरी सवलत मिळते. म्हणजे मायलेकी किंवा दोघी बहिणी मिळून घर घेत असतील, तर भागीही झाली आणि बचतही.

दोघी बहिणींचं उदाहरण मला फार आवडतं. एक शाळेत शिक्षिका, दुसरी दवाखान्यात परिचारिका, अशा कितीतरी जणी आपल्या तालुक्यांत आहेत. कोणी लग्न केलेलं नाही, कोणाचा संसार मोडला, कोणी लवकर एकटी पडली. भावाच्या घरी ‘आत्या’ म्हणून कोपऱ्यात राहण्यापेक्षा दोघींनी मिळून दोन खोल्या घेणं किती शहाणपणाचं! ज्या समाजात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला साडीवर बोळवलं जातं, तिथे बहिणींनी एकत्र घर घेणं ही मोठीच गोष्ट आहे.

पण इथेच भावनेला थोडा लगाम हवा. समजा घर चाळीस लाखांचं. थोरलीने पंचवीस घातले, धाकटीने पंधरा. करारनाम्यात हिस्से लिहिलेच नाहीत, तर कायदा आधी कोणी किती पैसे घातले ते बघतो. त्याचा पुरावा नसेल तर दोघींचे हिस्से समान धरतो. थोरलीने रोख दिलेले पैसे मग कुठे दाखवणार? म्हणून पैसे बँकेतूनच द्या आणि करारनाम्यातच हिस्सा लिहा. साडेबासष्ट टक्के आणि साडेसदतीस टक्के असं लिहायला लाज कसली?

दुसरं मृत्युपत्राचं. जोडनाव आहे म्हणजे एकीनंतर घर आपोआप दुसरीचं, असं होत नाही. गेलेलीचा वाटा तिच्या वारसांकडे जातो. आणि हिंदू वारसा कायद्यात मूल नसलेल्या विधवेने स्वतः कमावलेली मिळकत आधी जाते नवऱ्याच्या वारसांकडे. म्हणजे ज्या सासरने हाकलून दिलं, तिथले दीर-पुतणे उद्या तुमच्या बहिणीबरोबर त्याच दोन खोल्यांचे मालक! सोसायटीत नॉमिनी लावलं की झालं, असंही नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. हे सगळं टाळायला दोन साक्षीदारांसमोर केलेलं साधं मृत्युपत्र पुरतं.

तिसरं, बाहेर पडायची वाट. एकीची बदली झाली, एकीने लग्न केलं, एकीला पैशांची नड आली, तर? फ्लॅट काही भाकरीसारखा मोडून वाटता येत नाही. वाद कोर्टात गेला तर शेवटी घर विकून पैसे वाटून घ्यायची वेळ येते. म्हणून आधीच वकिलाकडून लिहून घ्या. विकायचं झाल्यास पहिला हक्क दुसरीचा, किंमत कशी ठरवायची, पैसे द्यायला मुदत किती, हप्ता चुकला तर काय, आणि घरपट्टी-दुरुस्ती कोणाकडे. शाकारणीचा वाद इथेच मिटतो.

मग मिळून घर कोणी घेऊ नये? ज्या माणसाशी तुम्हाला पैशांबद्दल मोकळेपणी बोलता येत नाही, त्याच्याबरोबर मुळीच नको. ‘नुसती सही कर, बाकी मी बघतो’ म्हणणारा सख्खा भाऊ असला तरी नको. आणि तुमचा हिस्सा लिहायला सांगितल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्या चेहऱ्यातच उत्तर आहे.

बाकीच्यांनी खुशाल घ्यावं. पण टोकन देण्याआधी एक संध्याकाळ काढा. वही-पेन घेऊन समोरासमोर बसा. कोणाचे किती, कोणाचा हिस्सा किती, कोण गेलं तर काय, कोणी सोडलं तर काय, हे चार प्रश्न लिहा आणि उत्तरंही लिहा. या चार ओळींवरून भांडण व्हायचं असेल, तर ते घर घेण्याआधीच झालेलं बरं.