सावलीत बसायचं की छायेत?

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. मराठी होतं दहावीपर्यंत, पण मार्कांपुरतं. त्यामुळे गॅदरिंगच्या नाटकासाठी मी ‘सावली’ हे नाव सुचवलं आणि ते लगेच उडालं, तेव्हा मी गप्प बसले. “फार घरगुती वाटतं गं, ‘छाया’ ठेवू, शुद्ध आहे!” एक जण तर म्हणाला, ‘सावली’ हिंदीतल्या ‘साया’वरून आलीय.

रूमवर आल्यावर मात्र राहवेना. वहीत शब्द मांडले. हिंदीत छुरी, आपल्याकडे सुरी. तिकडे छाल, इकडे साल. कछुआ - कासव, मछली - मासळी, पूछना - पुसणे. दिसला पॅटर्न? जुना ‘छ’ मराठीत आला की बहुतेकदा ‘स’ होतो. म्हणजे छायेचीच झाली साउली, शेवटी ‘माउली’तल्यासारखी लाडाची ‘उली’ लावून, आणि साउलीची सावली. ‘साया’ फारसी आहे, पण तोही परका नाही. छाया आणि साया एकाच जुन्या मुळाच्या बहिणी. ग्रीकमधली ‘स्किआ’ही त्यांच्याच घरातली.

(आता ‘सावळी’ वेगळी हं! ती श्यामलवरून. मोबाईलवर इंग्लिश अक्षरांत टाइप करताना आपण दोघींना एकच करून टाकतो. माझा ‘ळ’ अजून घसरतो, म्हणून मला जास्त लागतं.)

मग सावली अशुद्ध कशी? शेकडो वर्षं माणसांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली ती छायाच आहे. छाया हवीच, छायाचित्राला हवी, सह्याद्रीपलीकडच्या पर्जन्यछायेच्या कोरड्या तालुक्यांना हवी. पण उन्हातून आलेल्या माणसाला “या, छायेत बसा” कोण म्हणतं? इंग्लिशमध्ये बसायची ‘शेड’ वेगळी आणि पायाशी पडणारी ‘शॅडो’ वेगळी. आपली सावली दोन्ही कामं करते. भीती दाखवायची असेल तर ‘सावट’ आहेच, दुष्काळाचं नाहीतर सबमिशनचं! शुद्ध म्हणजे जे आपण घरी बोलत नाही ते, ही व्याख्या कोणी ठरवली? मला तरी ती मान्य नाही. आणि मीटिंगमध्ये हे बोलले नाही, याचा अजून राग येतो स्वतःचा.

नाटक ‘छाया’ नावानेच झालं. तालमी व्हायच्या पार्किंगमागच्या कडुलिंबाखाली. अकरा वाजले की ऊन सरकायचं आणि शुद्धवाल्यांपैकीच कोणीतरी ओरडायचं, “ए, सावलीत सरका रे!”