मेळ बसेना, तर आधी खातेवही पाहा



गेल्या महिन्यात सांगलीतील हळदीच्या एका परिचित पेढीवरून सकाळीच फोन आला. पेढीचे धाकटे भागीदार बोलत होते. "काका, मोबाइलवर पेढीचे मेल दिसेनासे झाले आहेत. एखादे पत्र येते, घंटी वाजते आणि उघडायला जावे तो ते नाहीसे होते. जुनी पत्रेही गेली. संगणक दुरुस्त करणारे म्हणतात, नव्या संगणकात व्हायरस असेल, तो फॉर्मॅट करून टाकू. पत्रे काय, सर्व्हरवरून पुन्हा उतरतील."

मी म्हणालो, "मी येईपर्यंत कोणीही काहीही पुसू नका."

माझ्या काळजीला कारण होते. एका बाहेरगावच्या खरेदीदाराशी या पेढीचा भावावरून वाद चालू होता आणि त्याने भाव मान्य केल्याचे पत्र त्याच मेलमध्ये होते. त्याची छापील प्रत कोणी काढली नव्हती.

बँकेत आम्ही जुळवणी पत्रक करीत असू, तेव्हा पहिला प्रश्न हाच असे की मूळ नोंद कोठे आहे आणि नक्कल कोणती. पासबुक आणि खातेवही जुळेनात, तर पासबुक फाडून नवे देण्याने फरक निघत नाही. मेलमध्ये सर्व्हर ही खातेवही आणि मोबाइल हे पासबुक. म्हणून पेढीवर पोहोचताच मोबाइल बाजूला ठेवून ब्राउझरमधून थेट वेबमेल उघडला. तेथील आवकपेटीही रिकामी! पाठवलेली पत्रे मात्र जागच्या जागी होती आणि तीच मोबाइलवरही दिसत होती. म्हणजे मोबाइल आणि सर्व्हर यांचा मेळ अचूक होता. खातेवहीतूनच पाने काढून नेली जात होती.

कोण नेत होते? पेढीवरचा नवा संगणक. मेल उतरवण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. १९८४ साली प्रसिद्ध झालेली 'पॉप' ही पद्धत टपालपेटीसारखी आहे. पत्रे काढून घरी न्यायची आणि पेटी रिकामी करायची. १९८६ साली आकाराला आलेली 'आयमॅप' ही पद्धत वाचनालयासारखी आहे. पत्र सर्व्हरवरच राहते आणि मोबाइल, संगणक, टॅब्लेट सारे तेच वाचतात. नवा संगणक बसवताना मेलचे खाते 'पॉप' पद्धतीने जोडले गेले होते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याच्या पर्यायावर खूण केलेली नव्हती. त्यामुळे तो संगणक दर काही मिनिटांनी पेटी रिकामी करीत होता. आता सर्व आलेली पत्रे जगात एकाच ठिकाणी होती, त्या संगणकात. आणि तोच फॉर्मॅट व्हायचा होता.

पुढचे काम सोपे होते, पण क्रम महत्त्वाचा. प्रथम संगणकाने आपोआप मेल उचलणे बंद केले. मग त्यातील सर्व पत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. सर्व्हरवर पुरेशी जागा असल्याची खात्री केली. त्यानंतर तेच खाते 'आयमॅप' पद्धतीने जोडून जुनी पत्रे सर्व्हरवर परत चढवली आणि दोन्हीकडील संख्या ताडून पाहिली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर सारी पत्रे परतली. वादातील पत्राची छापील प्रत त्याच वेळी फाइलला लावली.

आपल्याकडे असा प्रसंग आला, तर वेबमेलपासून सुरुवात करावी. पत्र तेथे नसेल, तर मोबाइलला दोष देऊ नये. पाठवणाऱ्याला विचारावे, स्पॅमचा कप्पा पाहावा, जागा भरली आहे का ते तपासावे आणि त्याच खात्याला आणखी कोणती उपकरणे जोडली आहेत याची यादी करावी.

पत्र वेबमेलवर आहे आणि मोबाइलवर नाही, तर दोष मोबाइलच्या बाजूस. इंटरनेट, सिंकचे बटण, बॅटरी बचत आणि मोबाइलमधील मोकळी जागा तपासावी. मोबाइलची तारीख चुकीची असली, तरी सुरक्षित जोडणी नाकारली जाते. केवळ जुनीच पत्रे दिसत नसतील, तर किती दिवसांची पत्रे आणायची हा पर्याय पाहावा. अलीकडे पासवर्ड बदलला असेल, तर जुना पासवर्ड धरून बसलेला मोबाइल पुनःपुन्हा दार ठोठावतो आणि काही ठिकाणी त्यामुळे खातेच कुलूपबंद होते.

ज्यांची मुले-सुना कंपनीत नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या ऑनलाइन एक्स्चेंज सेवेत केवळ नाव आणि पासवर्ड देऊन जोडण्याची जुनी रीत बंद करण्यास आरंभ केला. त्यामुळे जुने अॅप बरोबर पासवर्ड देऊनही नाकारले जाऊ शकते. अशा वेळी अॅप अद्ययावत करून खाते नव्याने जोडावे. दुसरे असे की, कार्यालयाचा मेल मोबाइलवर घेताना प्रशासकाचे अधिकार मान्य केले, तर काही व्यवस्थांत कंपनीला तो मोबाइल दुरून पूर्ण पुसता येतो. घरच्या मंगलप्रसंगांची छायाचित्रे आधीच अन्यत्र ठेवावीत.

घाईत इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या क्रमांकावर पासवर्ड, ओटीपी किंवा मोबाइलचा पडदा कोणालाही देऊ नये. मेलसेवेच्या बिलावरील क्रमांकावरच बोलावे.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. आपल्या पूर्वजांनी चोपड्या लाल कापडात बांधून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. आज मागणी, भाव आणि कबुली मेलवरच ठरते, पण ते मेल नेमके कोठे राहतात हे पेढीवरच्या एकालाही ठाऊक नसते. या रविवारी दहा मिनिटे काढून वेबमेल उघडावा आणि मोबाइलशी ताडून पाहावा. जुळले, तर समाधान मिळेल. न जुळले, तर काही पुसण्यापूर्वी कळले, हे भाग्य.