सायकल मिळाली, पाना कुणाच्या हातात?

मुलींना सायकली वाटण्याचे कार्यक्रम आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मंडप, हार, रांगेने उभ्या केलेल्या चकचकीत सायकली, आणि हॅण्डल हातात देताना काढलेला फोटो. या वाटपाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी आकडेवारी तपासून दाखवलं, की त्यामुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली वाढल्या, आणि शाळा लांब असलेल्या गावांत जास्त वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. माझी तक्रार एवढीच, की त्या फोटोत पाना कुठे दिसत नाही.

सहा महिन्यांनी ती सायकल कुठे असते? मी पुण्यातल्या ज्या वस्तीत महिला मंडळाचं काम करते, तिथलं चित्र सांगते. पहिलं पंक्चर होतं. मुलगी भावाला सांगते. भावाला वेळ नसतो, तोवर सायकल भिंतीला टेकून उभी. मग एके दिवशी भाऊ पंक्चर काढून आणतो, ब्रेक आवळून आणतो, आणि त्या दिवसापासून सायकल भावाची होते. कुणी हिसकावून घेत नाही, भांडणही होत नाही. ‘त्यानेच दुरुस्त केली ना,’ असं आईच म्हणते. घरातली वस्तू ज्याला दुरुस्त करता येते त्याची होते, मग ती नावावर कुणाच्याही असो. मालमत्तेच्या हक्काविषयी आपण इतकं बोलतो-लिहितो, पण हा साधा कायदा आपल्या नजरेतून सुटतो.

म्हणून आम्ही मंडळात नवी सायकल मागण्याऐवजी एक जुनी घेतली. जुन्या सायकलींना तोटा नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, बसलेल्या टायरांवर धूळ खात उभ्या असलेल्या दोन-चार लेडीज सायकली दिसतीलच. आम्ही भंगारवाल्याकडून सातशे रुपयांना घेतली ती ॲटलासची. ॲटलासचा शेवटचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, पण त्याने काही अडत नाही. या साध्या सायकलींचे बहुतेक सुटे भाग एकमेकींना चालतात.

घेताना रंग बघू नका, गंज बघूनही घाबरू नका. क्रोमवरचा वरवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासला तरी जातो. बघायचा तो सांगाडा. पुढचा चिमटा मागे वाकलाय का? पॅडलपाशी जिथे नळ्या एकत्र येतात तिथे चीर आहे का? सीटचा दांडा वर-खाली होतो का, की नळीत जाम झालाय? हे ठीक असेल तर बाकी सगळं बदलता येतं, आणि स्वस्तात. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा मात्र वहीत टिपून घ्या. ‘२६ ची आहे’ एवढ्यावर दुकानात गेलात तर फसाल. ३७-५९० आणि ५०-५५९ ही दोन्ही टायरं २६ इंचीच म्हणवतात, पण एकाचं दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

मग सुरू झालं ते ज्याला पुण्यात सगळे ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपला शब्दच मला जास्त बरोबर वाटतो, निम्मं काम तेलाचंच असतं.) मंडळाच्या खोलीत जुनी चादर अंथरली आणि सात जणींनी सायकल पूर्ण उकलली. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून छर्रे, कप, कोन सगळं डिझेलमध्ये धुतलं. मागच्या हबमध्ये एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ, पाव इंची छर्रे. त्यातले चार खरवडलेले निघाले, पण बदलले सगळेच. दोन-चार रुपयांसाठी जुन्यात नवे मिसळू नयेत. ग्रीस भरून कोन आवळताना खरी कसोटी लागते. जास्त आवळला तर चाक अडखळतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. बरोबर बसला की चाक हलकेच सोडल्यावर आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबतो. पहिल्यांदा तो तसा थांबला तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या.

चेन मोजायला शिवणवर्गातली लोखंडी पट्टी कामी आली. चेनचे बारा इंच पिनेपासून पिनेपर्यंत मोजायचे. ते बारा इंच एक सूत भरले तर चेन गेली, आणि बहुधा तिच्याबरोबर फ्रीव्हीलचे दातही झिजले. आमचे झिजलेच होते. तेव्हा ‘गिअर बसवून घ्या’ असा सल्ला फार मिळाला. मला तो पटला नाही. गिअरला खर्च, गिअर वाकण्याची भीती, आणि पुन्हा दुरुस्तीला दुसऱ्याच्या दारात. आम्ही फक्त १८ दातांच्या जागी २२ दातांचं फ्रीव्हील घातलं आणि नवी चेन त्या मापाने कापली. पुढे ४४ दात असल्याने पूर्वी पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जायची, आता चार जाते. वेग थोडा कमी होतो, पण उड्डाणपुलाच्या चढावर उतरून ढकलावी लागत नाही. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईच्या गुडघ्यांना हा फरक कळतो.

गुडघ्यांवरून आठवलं. बायकांची सीट नेहमी खाली ठेवलेली का असते? ‘पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पडशील,’ म्हणून. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, इतकी सीट वर हवी. खाली सीट ठेवून चालवलं की गुडघे दुखतात, मग ‘बायकांना सायकल झेपत नाही’ हे सिद्ध होतं! साडीची जाळी आणि चेन कव्हर मात्र आम्ही काढलं नाही. कुणाला ते जुनाट वाटतं, पण आमच्यातल्या निम्म्या साडीत चालवतात.

हिशेब असा: टायर-ट्यूब ९५०, चेन आणि फ्रीव्हील ३५०, ब्रेकची रबरं आणि केबल १५०, छर्रे, ग्रीस, कॉटर पिना १५०, सीट ३००, पुढे-मागे दिवे ३००, रिमचा आऊट काढायची मिस्त्रीची मजुरी १००. भंगारवाल्याचे सातशे धरून तीन हजार. पाने, पक्कड, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान वेगळं, पण ते एकदाच. चेन कापायचा पंचही त्यातच. स्टीलची रिम असल्याने पावसात ब्रेक कमी लागतो, तेव्हा जरा पैसे साठले की आधी ॲल्युमिनियमच्या रिमा घ्यायच्या, रंग नंतर.

मिस्त्रीचं पोट मारायचं, असा यात हेतू नाही. पदपथावर बसणारा तो माणूसही हल्ली इथून उठ, तिथून उठ असाच जगतोय. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, ‘ताई, बरोबर कुणी भाऊ नाही आला का?’ पण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावू नका, हे सांगितलं त्यानेच. फ्रीव्हील काढायचं हत्यारही त्याचंच वापरलं.

चळवळीतल्या मैत्रिणींकडून एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. रस्त्यावर सायकलला जागा उरलेली नाही, बायकांना खरी गरज सुरक्षित बसची आहे, तिथे तुम्ही पाने काय वाटताय? बस हवीच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने किती जणी बाहेर पडल्या ते आपण बघतो आहोत. पण बस एका घरच्या भांड्यांपासून दुसऱ्या घरच्या पोळ्यांपर्यंत नेत नाही. ते अंतर आमच्या वस्तीतल्या बायका पायीच तोडतात. शिवाय रस्त्यावर जागा मागायची तर ती मागणारी रस्त्यावर दिसायला हवी.

दुसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण जाणवतो. ग्रीसने काळे झालेले हात आपल्यालाही थोडे कमीच वाटतात. भाषण करणारी कार्यकर्ती आणि पंक्चर काढणारी बाई यांच्यात आपणच एक पायरी ठेवलेली आहे. ही पायरी कुठून आली ते जातीच्या देशात वेगळं सांगायला नको.

आणि हा विचार काही नवा नाही. अमेरिकेत १८९६ मध्ये मारिया वॉर्ड या बाईने स्त्रियांसाठी सायकलीचं पुस्तक लिहिलं, त्यात ‘बायका आणि हत्यारं’ असं एक प्रकरणच आहे. सुई-कात्री चालवणाऱ्या हाताला बाकीची हत्यारं का जमू नयेत, असा तिचा सवाल. शंभराहून जास्त वर्षं झाली! आपल्या देशात तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, शेतमजूर आणि खाणकामगारही. तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ते उचलून धरलं. अक्षर आणि सायकल तिथे एकत्र शिकवली गेली. आपण त्यात पान्याची भर घालू या.

आमची सायकल आता मंडळातली एक मैत्रीण वापरते. तिच्या मुलीला शाळेतून मिळालेली सायकल मामाकडे गेली, ती गेलीच. ही मात्र तिने स्वतः उकलली, जोडली. दिराने परवा मागितली तेव्हा ती म्हणाली, ‘केली मी, तर चालवीन मीच.’

पुढच्या शिबिराचं वेळापत्रक अजून ठरतंय. दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार मी या कामासाठी मागितली आहे. ‘सबलीकरण : संकल्पना व स्वरूप’ हे सत्र तेवढं सकाळी उरकता येईल. ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा जिन्याखाली सायकल असेल त्यांनी ती आणावी. निदान टायरवरचा आकडा आधी कळवावा, म्हणजे ट्यूब आणून ठेवता येतील. जुन्या साड्यांच्या चिंध्याही आणा, पुसायला पुष्कळ लागतात.