खांद्याला सुट्टी, बॅटला नाही

नोव्हेंबर लागला की मिनेसोटापासून न्यू जर्सीपर्यंत बेसबॉलची मैदानं बंद होतात आणि खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना एकच धास्ती लागते. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मुलं बारा महिने खेळणार आणि आपलं पोर चार महिने बर्फाकडे बघत बसणार! मुलांना लिटल लीगमध्ये घातलेली तिथली मराठी घरंही याला अपवाद नाहीत. क्लासवर भिस्त ठेवायची सवय तर आपण इथूनच घेऊन गेलो.

या धास्तीवर दोन उपाय सांगितले जातात. एक पक्ष म्हणतो, हीटर लावलेल्या बंदिस्त हॉलमध्ये हिवाळाभर पिचिंगचे तास लावा, खंड पडू देऊ नका. दुसरा म्हणतो, सगळं सामान मार्चपर्यंत माळ्यावर टाका, घरात कुठे बेसबॉल होतो का? मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

पहिला पक्ष नुसता चुकीचा नाही, घातक आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूचं हाडाचं टोक अजून कूर्चेनेच जोडलेलं असतं. प्रत्येक जोरदार फेकीला स्नायू ते टोक ओढतात. विश्रांतीविना ही ओढ महिनोन्‌महिने बसत राहिली की तो भाग दुखतो, सुजतो, प्रसंगी सुटूनही येतो. या दुखण्याला ‘लिटल लीग एल्बो’ असंच नाव पडलं आहे. मेजर लीग बेसबॉल आणि ‘यूएसए बेसबॉल’ यांनी 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही नियमावली आणली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाने वर्षातले किमान चार महिने फेकीपासून दूर राहावं आणि त्यातले दोन-तीन महिने सलग असावेत, असं ती सांगते. म्हणजे थंड प्रदेशातल्या मुलाला निसर्गच जी विश्रांती देतो, ती आपण पैसे मोजून हिरावून घेतो.

जॉन स्मोल्ट्झचं उदाहरण घ्या. कोपराची ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झालेला आणि तरीही हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला हा पहिला पिचर. 2015 मध्ये कूपरस्टाउनच्या व्यासपीठावर, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सन्मानाच्या दिवशी, बेसबॉल हा बारमाही खेळ नाही असं त्याने पालकांना कळकळीने बजावलं. ज्याने आपल्या हाताची किंमत मोजली, त्याचं तरी ऐकावं.

उरली मागे पडण्याची भीती. उबेच्या राज्यांतली मुलं जास्त सामने खेळतात, हे खरं. पण माइक ट्राउट न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा. शाळेत तो बास्केटबॉलही खेळायचा. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याचा क्रमांक पंचविसावा होता आणि पुढे त्याने सर्वांत मौल्यवान खेळाडूचा एमव्हीपी किताब तीनदा मिळवला.

दुसऱ्या पक्षाला उत्तर म्हणून जो मॉवर हे एकच नाव पुरेसं आहे. हा सेंट पॉलचा, म्हणजे मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतला. त्याच्या वडिलांनी प्लॅस्टिकचा पाइप आणि कॉफीचा डबा जोडून घरीच एक साधन बनवलं. वरून चेंडू सोडला की तो दुसऱ्या तोंडातून अचानक खाली पडायचा आणि मुलाने तो पडता पडता मारायचा. बॅट लांबून फिरवायला सवडच नसल्याने तिचा मार्ग आपोआप आखूड झाला. हायस्कूलच्या सगळ्या वर्षांत हा मुलगा एकदाच स्ट्राइकआउट झाला. 2001 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला, कॅचर असूनही त्याने तीनदा बॅटिंगचा किताब जिंकला आणि 2024 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि शाळेत असताना तो फुटबॉल आणि बास्केटबॉलही खेळत होता.

तेव्हा घरात करायचं काय? मुख्यतः बॅटिंग. तळघरात किंवा गराजमध्ये जाळी टांगा, जाळी नसेल तर जाड ब्लँकेट, आणि समोर टी, म्हणजे चेंडू ठेवायचा उभा दांडा, उभी करा. आतल्या बाजूचा चेंडू पुढे ठेवून मारायला लावा, बाहेरचा थोडा मागे. छत खाली असेल तर भोकांचे प्लॅस्टिकचे ‘विफल बॉल’ वापरा. गराज गार असेल तर कंपोझिट बॅट बाहेर काढू नका, ती थंडीत तडकते. जपानमध्ये 868 होमरन मारणाऱ्या सादाहारू ओ याने छताला टांगलेल्या कागदाच्या पट्टीवर तलवार चालवून आपला फटका घासला. मुलांच्या हाती तलवार द्यायची नाही, पण चेंडूशिवाय शांतपणे बॅट फिरवण्यातही सराव आहे, हे त्यातून घ्यावं. क्षेत्ररक्षणासाठी गालिच्यावर मऊ चेंडू हाताने घरंगळत सोडा. मुलाने गुडघे वाकवून तो उचलावा आणि ग्लोव्हमधून दुसऱ्या हातात घ्यावा. फेकायचा मात्र नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, मूल कंटाळायच्या आत थांबा.

प्रशिक्षकाविना चुकीच्या सवयी लागतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण टी स्वतःच बरंच शिकवते. बॅट चेंडूऐवजी टीच्या दांड्यावर बसली, तर ती खाली झुकते आहे. चेंडू सरळ जाळीच्या मध्यावर गेला, तर फटका नीट आहे. बापाने बादली उलटी करून शेजारी बसावं, चेंडू ठेवावा आणि प्रत्येक फटक्यावर भाष्य करू नये. बिघाड होतो तो बहुधा या भाष्याने. फेकीला सुरुवात फेब्रुवारीअखेरीस, जवळच्या अंतरावरून आणि हलक्या हाताने व्हावी, मग हळूहळू अंतर वाढवावं.

ज्यांनी या हिवाळ्यासाठी पिचिंगच्या वर्गाचे पैसे अजून भरलेले नाहीत, त्यांनी ते भरू नयेत. भरले असतील, तर ते तास बॅटिंगकडे वळवून मागावेत. मुलाचं कोपर आताच दुखत असेल, तर वर्गाला नव्हे, डॉक्टरकडे न्यावं.