परदेशची पंगत : मिनिआपोलिसचीं नवीं भोजनगृहें

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील मिनिआपोलिस शहरीं आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें-सुना नोकरीनिमित्त राहत आहेत, आणि नातवंडांच्या ओढीनें आजी-आजोबांनाहि तेथें चार-सहा महिने मुक्काम करण्याचा प्रसंग येतो. रविवारीं मुलगा म्हणतो, “चला, आज बाहेर जेवूं,” आणि मग प्रश्न पडतो कीं, जावें कोठें? त्या गांवचीं अलीकडे नांवाजलेलीं तीन भोजनगृहें वाचकांस सांगावीं असा आजचा बेत आहे; परंतु खरें सांगावयाचें तर लेखणी पहिल्यापाशींच अधिक रेंगाळणार आहे.

त्याचें नांव ‘ओवाम्नी’. मिसिसिपी नदीच्या काठीं २०२१ सालीं तें उघडलें. तेथील धबधब्याचें डाकोटा लोकांच्या भाषेंत जें नांव, त्यावरूनच हें ठेवलेलें आहे. याच धबधब्याच्या जोरावर १८८० पासून सुमारें १९३० पर्यंत हें शहर गव्हाचें पीठ दळण्यांत जगांत पहिलें होतें. ओवाम्नी उघडलें तेंहि एका जुन्या पिठाच्या गिरणीच्या उरलेल्या भिंतींच्या आश्रयानें. आणि गंमत अशी कीं, त्याच्या मुदपाकखान्यांत गव्हाच्या पिठाला मज्जाव! पीठच काय, उंसाची साखर नाहीं, दूध-लोणी नाहीं. गोमांस, डुकराचें मांस आणि कोंबडी, हींहि नाहींत. संस्थापकांपैकीं शॉन शर्मन हे ओग्लाला लाकोटा जमातीचे. गोरे लोक येण्यापूर्वीं त्या खंडांत जें पिकत व मिळत होतें, तेवढ्यावरच स्वयंपाक करावयाचा असा त्यांचा नेम. सर्वोत्कृष्ट नव्या भोजनगृहाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार २०२२ सालीं यालाच मिळाला.

हा नेम केवळ हौसेचा असता तर तो एका ओळींत उरकला असता. परंतु १८६२ च्या युद्धानंतर अडतीस डाकोटांना मॅन्काटो येथें एकाच दिवशीं फांशीं दिलें, आणि पुढील वर्षीं कायदा करून ती जमातच मिनेसोटांतून हद्दपार केली. राखीव प्रदेशांत कोंडलेल्या जमातींची शिकार व शेती सुटल्यावर त्यांच्या हातीं सरकारी शिधा आला : पीठ, चरबी, साखर. त्यांतूनच तळलेल्या पावाची चाल पडली, आणि जगानें तेंच त्यांचें पूर्वापार अन्न समजलें. शर्मन लहानपणीं पाइन रिज येथें वाढले ते अशाच सरकारी डबाबंद मालावर. पीठ वर्ज्य करण्यामागें हिरावलेलें ताट पुन्हा मांडण्याची जिद्द आहे, ती ही अशी.

आतां आपल्या पंगतीकडे वळूं. ओवाम्नीच्या ताटांतील एक मानाचें धान्य म्हणजे रानतांदूळ. हा आपल्या भाताचा दूरचा नातलग. तळ्यांच्या उथळ पाण्यांत आपोआप उगवणारें गवत. होडींत बसून काठ्यांनीं ओंब्या झोडून दाणे होडींतच पाडतात व मग विस्तवावर भाजतात. नांगर नाहीं, बैल नाहीं! ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें न खाणाऱ्या आजीबाईंनीं असा तांदूळ निःशंक खावा. त्या दिवशींच्या ऋषीच्या भाजींतील मका व लाल भोपळा मूळचे अमेरिका खंडांतलेच. आणि एकादशीचे बटाटा, रताळें, शेंगदाणे, मिरची, राजगिरा, साबूदाण्याचा कंद, सारे तिकडूनच आलेले. समुद्र ओलांडला म्हणून माणसांना प्रायश्चित्त देणाऱ्या घरांनीं समुद्र ओलांडून आलेला बटाटा मात्र खुद्द उपासाच्या पानावर बसवला, यास काय म्हणावें?

ओवाम्नीचा नेम आपण घरीं लावूं पाहिला, तर एकादशीचें पान जवळजवळ रिकामें राहील. तशी गरजहि नाहीं. मिरची आपण आवडीनें घेतली. त्यांच्या हातीं पीठ आलें तें जमीन गेल्यावर. हा भेद जेवतांना नातवंडांना अवश्य सांगावा.

शाकाहारी मंडळींनीं मात्र जपावें. तेथें बायसन, हरिण, मासे, क्वचित् रातकिडेहि शिजतात. पदार्थ मागवतांनाच स्पष्ट विचारावें. मका, घेवडा, भोपळा, रताळें आणि मेपल वृक्षाच्या रसाचा पाक यांवर आपलें जेवण होऊं शकतें.

उरलेलीं दोन २०२४ सालचीं, आणि दोन्ही मोंग लोकांचीं. लाओसमधील युद्धांत अमेरिकेची बाजू घेतल्यामुळें १९७५ नंतर देशोधडीस लागलेल्या या डोंगरी लोकांपैकीं पुष्कळ जण मिनेसोटांत आले. यिया वांग यांनीं आपल्या भोजनगृहाला ‘विनाइ’ हें नांव दिलें. थायलंडमधील ज्या निर्वासित छावणींत ते जन्मले, तिचें. भात व झणझणीत ठेचा पाहून आपल्यांस घरचें वाटेल, पण त्या ठेच्यांत माशाचा रस असूं शकतो. डायॅन मुआ यांचें ‘डायॅन्स प्लेस’ सकाळच्या फराळासाठीं बरें. बाई भट्टींतल्या गोड पदार्थांच्या नामांकित कारागीर. अंडें न खाणाऱ्यांनीं तेथें आधीं चौकशी करावी.

ओवाम्नीस जावयाचें तर जागा आगाऊ राखून ठेवावी, आणि निघण्यापूर्वीं पत्ता ताजा विचारून घ्यावा.