पंगत आणि पाठशाळा

शिवनेरीच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांमध्ये एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची ती नोंद. जुन्नरच्याच लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचेही कोरलेले आढळते. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरचे हे समृद्ध नगर. चैत्याची भव्यता या दात्यांना अपरिचित नव्हती. तरीही त्यांनी दानासाठी राहण्याची खोली, पिण्याचे पाणी आणि जेवणाची जागा निवडली. अध्ययन करणाऱ्याला प्रथम निवारा आणि अन्न लागते, हे व्यापाऱ्याइतके नेमके कोण जाणणार!

त्याच जुन्नरच्या आणि शेजारच्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आजही हा प्रश्न जिवंत आहे. आहुपे, भीमाशंकरचा परिसर, डिंभे धरणाच्या जलाशयाभोवतीच्या वाड्या-वस्त्या येथील महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबे भातशेती, हिरड्याची वेचणी आणि मजुरी यांवर जगतात. तेथील मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर शिकू पाहते, तेव्हा घोडेगाव, जुन्नर, मंचर, नारायणगाव येथील महाविद्यालयांचा रस्ता धरावा लागतो. शुल्काला शिष्यवृत्तीचा आधार मिळू शकतो. परंतु खोलीचे भाडे, रोजची दोन जेवणे आणि घाटातून येणाऱ्या एस.टी.च्या वेळा यांचे गणित कोणत्याही प्रवेश-अर्जात मांडलेले नसते. शिक्षण सुटते ते बहुधा याच ठिकाणी. मुलींचे तर आधी.

मंचरच्या महाविद्यालयाच्या नावात अण्णासाहेब आवटे यांच्याबरोबर हुतात्मा बाबू गेनू यांचेही नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना चिरडला गेला. ज्याला स्वतःला शाळेत फारसे बसता आले नाही, त्याच्या नावाने विज्ञानशाखा चालते! हे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे, आणि तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मले, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग मात्र त्या मानाने कमी सांगितला जातो.

विद्यार्थिदशेत भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून मगच पंगतीला बसावे, अशी आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. ज्या समाजाने गरजू मुलांसाठी एवढ्या कळकळीने बोर्डिंग उभारले, त्याच समाजाच्या पंगतीतून हा मुलगा उठवला गेला. बोर्डिंगचे उपकार भाऊरावांवर होतेच. पण पुढील चाळीस वर्षांचे त्यांचे कार्य पाहता, त्या पंगतीने त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवले असे म्हणावेसे वाटते.

भाऊराव काही काळ ओगले यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. गावोगाव फिरताना कोणत्या गावात शाळा नाही, हे त्यांना दिसत गेले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. मुलेच दळत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य या कामातून आले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. परंतु नाव मोठे झाले म्हणून कोठी भरत नाही. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. गावोगावच्या स्त्रिया दळणातली मूठभर धान्ये बाजूला ठेवीत, तो मुष्टिफंड. आपल्या परंपरेत आहारदान आणि शास्त्रदान ही दोन दाने वेगळी मोजली जातात. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात ती वेगळी राहिली नाहीत.

धर्मश्रद्धेतून शिक्षणकार्य उभे राहण्याची परंपरा जगात इतरत्रही आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या सभासदांना पत्र लिहून विचारले होते की, शस्त्रे, रस्ते आणि पूल यांवर दरवर्षी एवढा खर्च होतो, तर गरीब मुलांसाठी एखाद-दोन शिक्षक नेमण्याइतका का होऊ नये? चांभाराचा किंवा व्यापाऱ्याचा व्यवसायही धर्मगुरूच्या कार्याइतकाच पवित्र आहे, ही त्यांची शिकवण. तिच्या बळावर ल्यूथरपंथीयांनी ठिकठिकाणी महाविद्यालये आणि विद्यापीठे उभारली. आपल्या देशात गुंटूरचे आंध्र ख्रिश्चन कॉलेज १८८५ मध्ये अमेरिकेतील ल्यूथरपंथीय मिशनने सुरू केले. पंथाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अशा प्रत्येक संस्थेपुढे कधी ना कधी तोच प्रश्न येतो, जो कोल्हापूरच्या पंगतीत आला होता : हे दार कोणासाठी?

जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाचे रूप आता थोडे बदलले आहे. कोणाला पंगतीतून उठवले जात नाही. पंगतच उरली आहे का, ही शंका आहे. आदिवासी वसतिगृहांतील खानावळीऐवजी जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण शासनाने आणले. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी साधी होती : पैसे नकोत, खानावळ हवी. पैसे वेळेवर येत नाहीत, आले तरी घरची निकड ते खाऊन टाकते, हे त्यांचे म्हणणे ज्याने महिनाअखेरीस एखाद्या गरीब गिऱ्हाइकाची उधारी लिहिली आहे, त्याला समजावून सांगावे लागत नाही. पुणे-नाशिक महामार्ग मंचर आणि नारायणगाववरूनच जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याच अनेक कुटुंबांची दुकाने आहेत.

समाजात शिक्षणासाठी देणग्या कमी निघतात असे नाही. सभागृह, प्रवेशद्वार, संगणककक्ष यांवर दात्यांच्या नावाच्या पाट्या सन्मानाने लागतात, आणि लागाव्यातही. खानावळीचे दान मात्र अडचणीचे असते. ते दरवर्षी द्यावे लागते, त्याचे उद्घाटन एकदाच होते आणि जेवण पोटात गेले की पाटी लावायला जागा राहत नाही. परंतु तांदूळ, डाळ, तेल, पीठ यांचा घाऊक भाव ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना पंचवीस मुलींच्या खानावळीचा वर्षाचा किराणा किती होतो, हे एका संध्याकाळी वहीवर मांडता येईल. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. तो हिशेब त्याआधी व्हायला हवा.